दुधातला जीवाणू पीसीआरला कसा सापडतो, आणि कधी सापडत नाही?

आमच्या गावातल्या दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी कॅन रिकामा झाला, की दहा सेकंदांत आप्पांच्या फोनवर मेसेज येतो. लिटर ३८.४, फॅट ३.८, एसएनएफ ८.५, दर इतका, रक्कम इतकी. आप्पा म्हणजे माझे चुलते. संगमनेर तालुक्यात राहतात, गोठ्यात पाच एचएफ गाई आहेत. मी पुण्यात कोड लिहितो, पण घरच्या फॅमिली ग्रुपमुळे आप्पांच्या दुधाचं फॅट मला माझ्या पगाराच्या तारखेपेक्षा जास्त पाठ असतं.

गेल्या वर्षी त्यातली एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती. आप्पांनी ती नेहमीसारखी उघड्या हातानं काढली, हात धुतले आणि विषय संपला. महिन्याभरानं त्यांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे दरदरून घाम फुटून उतरायचा. कंबर आणि सांधे इतके दुखायचे की धार काढायला बसवेना. टायफॉइडचं औषध झालं, मलेरियाची तपासणी झाली, सलाईन झालं. दोन महिने असे गेल्यावर एका डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: "घरी जनावरं आहेत का? एखादी गाभडली का एवढ्यात?"

रक्ताच्या तपासणीत निघाला ब्रुसेलोसिस. ब्रुसेला नावाच्या जीवाणूमुळे होणारा आजार. सहा आठवडे दोन-दोन अँटिबायोटिक्स घेतल्यावर आप्पा बरे झाले. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकून बसली. गाभडल्यावरही ती गाय थोडंफार दूध देत होती आणि ते रोज त्याच कॅनमधून केंद्रावर जात होतं. फोनवर रोज फॅट येत होतं. मग ब्रुसेला आहे हे कसं कोणाला कळलं नाही?

उत्तर सोपं आहे: ते मशीन ब्रुसेला बघतच नाही.

(घाबरू नका. पाश्चरायझेशनमध्ये, म्हणजे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की, ब्रुसेला मरतो. घरी उकळी आणली तरी मरतो. पिशवीतलं दूध पिणाऱ्यांना त्या कॅनपासून धोका नव्हता. धोका होता तो आप्पांना, आणि गोठ्यावर येऊन 'धारोष्ण दूध लई ताकदीचं' म्हणत तांब्या तोंडाला लावणाऱ्या आमच्या तालमीतल्या पोरांना.)

केंद्रावर नेमकं काय तपासतात?

फॅट, एसएनएफ, पाणी घातलंय का, युरिया किंवा साखर घातलीय का. म्हणजे मुख्यतः दर ठरवण्यासाठी आणि भेसळ पकडण्यासाठी. जीवाणूंचा अंदाज घेणारी एक जुनी तपासणी डेअरीत होते, तिचं नाव एमबीआरटी. १० मिली दुधात १ मिली मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टाकायचा आणि ३७ अंशांवर ठेवायचं. दुधात जीवाणू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तासांहून जास्त टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर दुधाची अवस्था वाईट.

स्वस्त आणि मस्त टेस्ट आहे. पण तिला फक्त गर्दी कळते. मढीच्या यात्रेत किती माणसं आलीत हे वरून बघून सांगता येईल, त्यात पाकीटमार कोण हे नाही सांगता येणार. आणि ब्रुसेलासारखा पाकीटमार गर्दी न करताच येतो. ताज्या, थंड, स्वच्छ दिसणाऱ्या, निळा रंग सहा तास टिकवणाऱ्या दुधातही तो असू शकतो.

पाकीटमार ओळखायची पारंपरिक पद्धत म्हणजे त्याला वाढवून बघणं, ज्याला कल्चर म्हणतात. साल्मोनेलाचं उदाहरण घ्या. एक दिवस साध्या पोषक द्रवात, दुसरा दिवस निवडक द्रवात, तिसरा दिवस प्लेटवर, मग संशयित ठिपका उचलून त्याची खात्री करायची. चार-पाच दिवस सहज जातात. ब्रुसेला तर याहून आळशी. त्याला वाढायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात, आणि वाढवताना प्रयोगशाळेतल्या माणसालाच लागण होण्याची भीती असते. त्यासाठी विशेष सुरक्षित लॅब लागते.

काही जीवाणूंचे नखरे वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसची साथ आली, ती आठवत असेल. अचानक हातापायातली ताकद जाणारे २०० हून जास्त संशयित रुग्ण. त्यातल्या काहींच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पायलोबॅक्टर दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या चिकनमधून, कच्च्या दुधातूनही येतो. याला वाढायला ऑक्सिजन हवा, पण हवेत असतो तेवढा नको, अगदी थोडा. आणि तापमान ४२ अंशांच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या अंगाइतकं. नमुना थोडा वेळ उघडा पडला तरी तो मरतो आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. अशा वेळी जीवाणू जिवंत मिळायची वाट न बघता, त्याच्या डीएनएचा माग काढणं हाच शहाणपणा.

कंट्रोल एफ, पण टेस्टट्यूबमध्ये

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक फाइल. ए, टी, जी आणि सी. ब्रुसेलाची फाइल साधारण ३३ लाख अक्षरांची आहे. एका अक्षराला एक बाइट धरला तर ३.३ एमबी. तुमच्या फोनमधला एक फोटो बहुधा याहून मोठा असेल.

आता दुधाच्या थेंबात गाईच्या पेशींचा डीएनए असतो, शंभर प्रकारच्या निरुपद्रवी जीवाणूंचा असतो. या ढिगात ब्रुसेलाच्या फाइलमधला एक खास परिच्छेद शोधायचा, जो फक्त ब्रुसेलातच असतो. आपण डॉक्युमेंटमध्ये शब्द शोधतो तसंच. इथं शोधायचा शब्द म्हणजे प्रायमर: प्रयोगशाळेत बनवलेला, साधारण २० अक्षरांचा डीएनएचा तुकडा. चार अक्षरांपासून २० अक्षरी शब्द सुमारे १.१ लाख कोटी प्रकारे बनू शकतो. त्यामुळे नीट निवडलेला प्रायमर भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटण्याची शक्यता फार कमी. शिवाय एक नाही, दोन प्रायमर वापरतात. परिच्छेदाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक. दोन्ही जागा बरोबर अंतरावर सापडल्या तरच काम पुढं जातं.

पण सर्च केल्यावर स्क्रीनवर पिवळं हायलाइट होतं तसं इथं होत नाही. डीएनएचा एक रेणू दिसायला फार लहान. म्हणून सापडलेल्या परिच्छेदाच्या कॉपी काढायच्या, दिसतील इतक्या. हेच पीसीआर. १९८३ मध्ये कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला ही कल्पना सुचली आणि १९९३ मध्ये त्याबद्दल त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मशीन काय करतं? गरम-थंड, गरम-थंड. ९५ अंशांवर डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ५५-६० अंशांवर प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. ७२ अंशांवर एक एन्झाइम तिथून पुढची अक्षरं भरत जातं. एक फेरी झाली की एकाचे दोन. पुढच्या फेरीत चार, मग आठ. ३० फेऱ्यांनंतर एकाचे १०७ कोटी, तेही तासा-दीड तासात.

९५ अंशांवर आपल्या शरीरातलं एन्झाइम उकडलेल्या अंड्यासारखं होऊन बसेल. त्यामुळे इथं वापरतात ते एन्झाइम अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जीवाणूचं आहे. थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात हा जीवाणू शोधला तेव्हा पीसीआर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. उकळत्या पाण्यात कोण जगतं एवढंच त्यांना बघायचं होतं.

रिअल टाइम पीसीआरमध्ये कॉपी वाढत जातील तसा ट्यूबमधला प्रकाश वाढतो आणि मशीन तो प्रत्येक फेरीला मोजतं. कितव्या फेरीला प्रकाश ठरलेल्या रेषेच्या वर गेला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. हो, तीच ती, कोरोनाच्या रिपोर्टमधली, जिच्यात आणि एचआरसीटी स्कोअरमध्ये गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपनं घोळ घातला होता. आकडा जितका लहान तितका मूळ माल जास्त. सीटी २० आणि सीटी ३० यांत फरक दहाचा नाही, सुमारे हजारपटीचा आहे. कोरोनाच्या टेस्टमध्ये आधी आरएनएचा डीएनए करून घ्यावा लागायचा, म्हणून तिला 'आरटी' लागलं. जीवाणूंकडे मुळातच डीएनए असतो, त्यामुळे त्या पायरीची गरज नाही.

एका तासात रिझल्ट? जरा थांबा

अन्न तपासणाऱ्या किटच्या जाहिरातीत 'एका तासात निकाल' लिहिलेलं असतं. खोटं नाही, पण अर्धवट आहे.

समजा २५ मिली दुधात साल्मोनेलाचा फक्त एक जीवाणू आहे. ते २२५ मिली पोषक द्रवात मिसळलं, झाले २५० मिली. पीसीआरच्या ट्यूबमध्ये जातात साधारण ५ मायक्रोलिटर, म्हणजे एका बारीक थेंबाचाही एक भाग. तो एकुलता एक जीवाणू नेमका त्या थेंबात यायची शक्यता ५० हजारात एक. मशीन कितीही भारी असलं तरी जे ट्यूबमध्ये आलंच नाही ते त्याला दिसणार कसं?

म्हणून आधी ते मिश्रण ३७ अंशांवर रात्रभर, साधारण १८ तास ठेवतात. सुरुवातीचे काही तास जीवाणू नुसता सावरतो. नंतर समजा १० तास दर अर्ध्या तासाला दुप्पट झाला, तर २० वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे सुमारे साडेदहा लाख. आता त्याच ५ मायक्रोलिटरमध्ये २० च्या आसपास जीवाणू असतील. आता पीसीआरला तो चुकणार नाही. थोडक्यात, वाढवणं संपलेलं नाही. चार-पाच दिवसांऐवजी एक रात्र झालं, एवढाच फरक. म्हणजे आज नमुना दिला तर निकाल उद्या.

हा फरक कुठं कामाचा? दूध पावडरसाठी फारच कामाचा. दूध जास्त झालं की पावडर करतात, ती गोदामात महिनोन् महिने राहते. निकाल येईपर्यंत माल अडवून ठेवता येतो. आपल्या एफएसएसएआयच्या मानकांनुसार पावडरच्या एका लॉटमधून पाच नमुने घ्यायचे आणि पाचपैकी एकाही २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला निघता कामा नये. इथं एका दिवसात उत्तर मिळणं म्हणजे चार दिवसांचं गोदामभाडं वाचणं. पिशवीतल्या दुधाचं मात्र वेगळं. ते आज पॅक होतं, उद्या चहात जातं. पाच दिवसांनी आलेला रिपोर्ट म्हणजे पंचनामा, आणि दुसऱ्या दिवशी आलेला रिपोर्टसुद्धा बऱ्याचदा तोच. म्हणून पिशवीच्या दुधाची सगळी भिस्त ७२ अंश आणि १५ सेकंदांवर असते, लॅबवर नाही.

१० हजार लिटरमधले २५ मिली

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त त्रासदायक वाटलं. १० हजार लिटरचा टँकर आहे. त्यातले २५ मिली तपासले, म्हणजे चार लाख भागांतला एक भाग. समजा दर लिटरला सरासरी एक जीवाणू आहे, म्हणजे टँकरमध्ये १० हजार. आपल्या २५ मिलीत त्यातला एखादा येण्याची शक्यता किती? अडीच टक्के. साडेसत्त्याण्णव टक्के वेळा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येणार, आणि टेस्टमध्ये काहीही चूक नसेल.

पाच नमुने घेतले तर शक्यता १२ टक्क्यांवर जाते. ६० नमुने घेतले तर ७८ टक्के. लहान बाळांच्या दूध पावडरसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स नियमावलीत साल्मोनेलासाठी ६० नमुने सांगितलेत ते उगाच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, की टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नव्हे, त्या टेस्टला बग दिसला नाही एवढंच. आप्पांच्या गाईबद्दलही मी जनावरांच्या डॉक्टरांना हेच विचारलं होतं. गाईचं रक्त पॉझिटिव्ह आलंच होतं, मग दुधाचं पीसीआर करून ते स्वच्छ आहे का ते बघू. ते म्हणाले, करता येईल, पण ब्रुसेला दुधात रोज उतरत नाही. आज असतो, चार दिवस नसतो. एक निगेटिव्ह आलं म्हणून तुम्ही पोरांना कच्चं दूध पाजणार का?

काकडीचा बळी

पॉझिटिव्ह आलं म्हणजे तरी सगळं स्पष्ट होतं का? २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत लोक रक्ती जुलाबानं दवाखान्यात भरती व्हायला लागले. अनेकांच्या किडन्या निकामी झाल्या. बहुतेक रुग्ण प्रौढ बायका. हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्यानं बाजारातल्या भाज्या तपासल्या आणि स्पेनहून आलेल्या काकड्यांवर विष बनवणारा ई. कोलाय सापडला. २६ मे रोजी जाहीर झालं: काकडी खाऊ नका.

आठवडाही झाला नाही तोच कळलं, की काकडीवरचा ई. कोलाय आणि रुग्णांच्या पोटातला ई. कोलाय वेगवेगळे आहेत. टेस्ट खोटी नव्हती. काकडीवर ई. कोलाय खरंच होता. पण गुन्हेगार दुसरा होता. तोवर स्पेनमधले शेतकरी ट्रकच्या ट्रक काकड्या फेकून देत होते. नंतर युरोपीय संघानं भाजी उत्पादकांना २० कोटी युरोंहून जास्त भरपाई दिली. एका पॉझिटिव्ह रिपोर्टनं टोमॅटो-कांद्याचा बाजार कसा बसेल, याची कल्पना आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळी करून द्यायला नको.

पुढचा भाग माझ्यासारख्यांना आवडण्यासारखा आहे. पीसीआर फक्त एखादा परिच्छेद शोधतं. अख्खी फाइल वाचायची तर जिनोम सिक्वेन्सिंग करावं लागतं. २ जूनला चीनच्या बीजीआय संस्थेनं या जीवाणूचा जिनोम वाचून डेटा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. जगभरातल्या संशोधकांनी तो डाउनलोड केला आणि आपापलं विश्लेषण गिटहबवर टाकायला सुरुवात केली. होय, जिथं आम्ही कोड ठेवतो त्याच गिटहबवर. काही दिवसांत चित्र स्पष्ट झालं: हा आतड्याला घट्ट चिकटून बसणारा एक ई. कोलाय, ज्यानं विषाचं जनुक एका विषाणूमार्फत मिळवलंय. दोन वेगळ्या ॲप्समधला कोड कोणीतरी एकत्र मर्ज केल्यासारखा. त्याचं नाव ओ१०४:एच४.

आणि तो आला कुठून? मोड आलेल्या मेथीतून. आपल्या मेथीतून! लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावर मेथीचे मोड बनवून हॉटेलांना सॅलडसाठी पाठवत होते, आणि बिया इजिप्तहून आयात झाल्या होत्या. गंमत अशी, की त्या बियांवर हा जीवाणू शेवटपर्यंत सापडला नाही. शोध लागला तो हॉटेलांच्या मेन्यूवरून, रुग्णांनी काय खाल्लं ते विचारून आणि मालाच्या बिलांवरून. जिथं जिथं लोक आजारी पडले, तिथल्या पुरवठ्याच्या साखळ्या एकाच शेतावर येऊन मिळत होत्या. सुमारे ५० माणसं गेली, चार हजारांच्या आसपास आजारी पडली.

(मोडाची उसळ खाणं सोडू नका. आपण मोड शिजवतो, ते लोक कच्चे खातात. जीवाणूच्या दृष्टीनं हा फार मोठा फरक आहे.)

मेलेल्या जीवाणूचं भूत

पीसीआर डीएनए बघतं. डीएनए कोणाचा हे त्याला कळतं, त्याचा मालक जिवंत आहे का हे नाही. पाश्चराइज केलेल्या दुधात मेलेल्या जीवाणूंचा डीएनए तरंगत असतो आणि पीसीआर तो इमानदारीनं शोधून देतं. रात्रभर वाढवण्याचा इथंही फायदा होतो, कारण मेलेले वाढत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे एक विशिष्ट रंग. तो फक्त फाटक्या, मेलेल्या पेशींच्या आत शिरतो आणि तीव्र प्रकाश टाकला की तिथल्या डीएनएला कायमचा चिकटतो. मग त्या डीएनएची कॉपी निघत नाही.

पण याच्या उलटीही गोष्ट घडते, आणि ती ऐकून मला आपल्याकडचं लोडशेडिंग आठवलं. मार्च २००० च्या शेवटी जपानच्या होक्काइदोमधल्या स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली. दूध कोमट राहिलं. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू वाढला आणि त्यानं विष सोडलं. नंतर दूध तापवलं गेलं, पावडर झाली, जीवाणू मेले. पण ते विष उष्णतेला दाद देत नाही. उन्हाळ्यात त्या पावडरपासून ओसाकाच्या कारखान्यात दूध बनवलं गेलं आणि १३ हजारांहून जास्त लोक उलट्या-जुलाबानं आजारी पडले. जिवंत जीवाणू शोधणारी कोणतीही टेस्ट अशा मालाला पास करेल. इथं लागते ती थेट विष ओळखणारी वेगळी टेस्ट. त्यामुळे 'उकळलं की सगळं मेलं' हे अर्धं खरं आहे. दुपारभर उन्हात राहिलेलं दूध संध्याकाळी उकळून विष जात नाही.

आणखी एक बारकी गोष्ट: दुधातलं फॅट आणि कॅल्शियम पीसीआरच्या एन्झाइमच्या कामात अडथळा आणतात. म्हणून प्रत्येक ट्यूबमध्ये मुद्दाम एक ओळखीचा डीएनए टाकतात. त्याचीही कॉपी निघाली नाही, तर निकाल 'निगेटिव्ह' नाही, 'टेस्टच चालली नाही' असा लिहायचा. सर्व्हरला पिंग करून बघतो तसं.

मग हे सगळं फोनवर कधी येणार?

फोनच्या कॅमेऱ्यानं दुधातले जीवाणू दाखवतो म्हणणारं ॲप दिसलं तर अनइन्स्टॉल करा, विषय संपला. पण फोनला जोडून काम करणारं एक खरं तंत्र आहे: लॅम्प. २००० साली जपानी संशोधकांनी मांडलेलं. यात गरम-थंड करायची भानगड नाही. साधारण ६५ अंशांवर एकाच तापमानाला, चार ते सहा प्रायमर वापरून, अर्ध्या-एक तासात कॉपी तयार होतात आणि ट्यूबचा रंग बदलतो. तो रंग फोनचा कॅमेरा वाचू शकतो. महागडं मशीन नको, गरम पाण्याचा डबा पुरतो. अडचण एकच: कॉपी इतक्या प्रचंड निघतात, की ट्यूब चुकून उघडली तर त्या खोलीभर पसरतात आणि पुढचे आठ दिवस सगळेच नमुने पॉझिटिव्ह यायला लागतात. गोठ्याशेजारच्या टेबलावर हे सांभाळणं सोपं नाही.

छोटं पीसीआर मशीन ही कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. टीबीसाठी वापरतात ते ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, गोव्यातली मोलबायो कंपनी ते बनवते आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. पण रुग्णाच्या थुंकीत जीवाणू आधीच भरपूर वाढलेले असतात. दुधात तसं नसतं. ती १८ तासांची रात्र खिशात मावत नाही.

माझ्या मते खरा अडथळा तंत्रज्ञानाचा नाहीच. समजा उद्या केंद्रावर मशीन बसलं आणि आप्पांच्या मेसेजमध्ये फॅटच्या खाली 'ब्रुसेला: पॉझिटिव्ह' असं आलं. पुढं काय? दूध परत, हप्ता डोक्यावर, गाय दावणीला. भरपाईची सोय नसेल, तर पुढच्या आठवड्यात ती गाय लोणीच्या नाहीतर काष्टीच्या बाजारात उभी दिसेल, आणि रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल. ज्या टेस्टचा निकाल लपवण्यातच फायदा आहे, ती टेस्ट कोणी मनापासून करत नाही.

सध्या तुमच्या हातात जे आहे ते सांगतो. एखाद्या ठिकाणी खाऊन दोन-चार जण एकदम आजारी पडले, तर उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, बिल आणि पाकीट जपा, पाकिटावरच्या १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकाचा फोटो काढा. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरून तक्रार करता येते. शिवाय अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून विकत घेतलेला पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. अहवाल १४ दिवसांत मिळायला हवा आणि पदार्थ नियमांत बसत नाही असं निघालं तर फी परत मिळते. ही तरतूद माझ्या ऑफिसातल्या एकालाही माहीत नव्हती.

आणि घरी जनावरं असतील तर: राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलाची लस आहे. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच देतात. वय उलटून गेलं की संधी गेली. गाभडलेल्या गाईला, वारेला हात लावताना कोपरापर्यंतचे हातमोजे घाला. मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळतात.

आप्पांनी ती गाय वेगळी बांधली आहे. तिचं दूध केंद्रावर जात नाही. गोठ्यातली एक कालवड जूनमध्ये पाच महिन्यांची झाली, तेव्हा डॉक्टर येऊन लस देऊन गेले. अनुदानाच्या वेळी बाकीच्या जनावरांना मारला होता तसला १२ आकडी पिवळा बिल्ला आता तिच्याही कानात आहे. आप्पांनी त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली त्या दिवशीचं फॅटही होतं: ३.९.